पाहुणे आले तर सिव्हिल लाइन्स की अंबाझरी-फुटाळा?

नागपुरात पाहुण्यांच्या हाती अर्धाच दिवस असला की घरात वाद ठरलेला. एक गट म्हणतो अंबाझरी-फुटाळ्याचे तलाव, दुसरा म्हणतो सिव्हिल लाइन्स, म्हणजे अजब बंगल्याचं संग्रहालय, झिरो माइलचा स्तंभ, महाराजबाग. दीक्षाभूमी यात धरत नाही. तिथे जायचंच असतं. या दोन्ही बाजू मी पाहुण्यांसोबत बऱ्याचदा फिरलोय.

पाणी बघायचं असेल तर अंबाझरीला तोड नाही. तलाव 1870 चा, बगीचा 1958 चा. बांधावर उभं राहिलं की सूर्य थेट पाण्यात उतरताना दिसतो. फुटाळ्याला तर खाण्यापिण्याचीही सोय. भाजलेलं कणीस हातात आलं की पोरं खूश. जोडपी आणि कॉलेजची मुलं असतील तर पुढचं वाचायची गरज नाही, सरळ फुटाळ्याला न्या. उन्हाळ्यात मात्र बांधावर सावली शोधत बसाल. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी साडेसहाच्या आधी तिकडे जाऊ नका.

सिव्हिल लाइन्सचा थाट वेगळा. जुनी झाडं, मोठाले बंगले, आणि मध्येच अजब बंगला. 1863 चं हे संग्रहालय देशातल्या जुन्या संग्रहालयांपैकी एक. मूर्ती, शिलालेख, शस्त्रं, पेंढा भरलेले प्राणी असं सगळं आहे. मांडणी जुन्या वळणाची आहे खरी. काही दालनांत उजेड कमी वाटतो आणि लहान मुलं अर्ध्या तासात 'चला' म्हणतात. सोमवारी बंद असतं, आणि जायचं तर सकाळी किंवा दुपारीच, संध्याकाळवर ठेवू नका. झिरो माइलचा स्तंभ आणि ते चार दगडी घोडे बघायला पाच मिनिटं पुरतात. खालच्या दगडावर हैदराबाद, जबलपूर, चांदा (म्हणजे चंद्रपूर), रायपूर अशी गावं मैलांसह कोरलेली आहेत. आपलं गाव कोणत्या दिशेला हे पाहुण्यांना तिथे उभं करूनच विचारावं. आता मेट्रोचं स्टेशनही शेजारीच आहे, त्यामुळे गाडी लावायची कटकट नाही. महाराजबाग भोसल्यांच्या काळातली, आत प्राणिसंग्रहालय. पिंजरे बघून मला फार आनंद होत नाही, पण झाडं बघून होतो.

आता माझं मत कशावरून ठरलं ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी सासरे अमरावतीहून आले होते. कानाला मशीन लावतात. हौसेने त्यांना रविवारी संध्याकाळी फुटाळ्याला नेलं. काठावर बसलो, चहा घेतला, आणि मागून बुलेटच्या फटफटीची रांग सुरू झाली. फटाके फोडल्यासारखे आवाज, त्यात एका गाडीत लावलेलं गाणं. बाबांनी काही न बोलता मशीन कानातून काढलं, रुमालात गुंडाळलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. मग तासभर नुसते पाण्याकडे बघत बसले. मी काही बोललो तर मान हलवायचे. उठताना म्हणाले, "जावईबापू, जागा छान आहे. पण काय बोलून राहिले तुम्ही, मले काहीच समजलं नाही."

दुसऱ्या दिवशी सोमवार, म्हणजे अजब बंगला बंद. मंगळवारी नेलं. एका मूर्तीसमोर ते बराच वेळ उभे राहिले. मग बाहेर झाडाखाली बसून त्यांच्या तरुणपणातल्या नागपूरच्या फेऱ्यांबद्दल इतकं बोलले, की बायकोलाही त्यातलं निम्मं नवीन होतं. मशीन कानातच होतं.

एकाच अनुभवावरून एवढं ठरवू नये, हे मलाही कळतं. फुटाळा सकाळी शांत असतो, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी संध्याकाळही बरी जात असेल. पण पाहुणे सहसा शनिवार-रविवारीच येतात, त्याला काय करणार! आणि खरं सांगायचं तर सिव्हिल लाइन्सकडे पोटाची सोय फुटाळ्याच्या पासंगालाही पुरत नाही. त्यावर आमचा उपाय असा: सकाळी कस्तुरचंद पार्कजवळ तर्री-पोहे, मग झिरो माइल, ऊन चढायच्या आत अजब बंगला. सासरे आता दिवाळीला येतायत. फोनवर त्यांनी आधीच विचारून घेतलं, मंगळवारी उघडं असते ना?