हुतात्मा चौकातील पदपथावर मिळालेला फिजीचा इतिहास

हुतात्मा चौकाजवळ जुनी पुस्तके विकणाऱ्या एका विक्रेत्याकडून मी गेल्या महिन्यात फिजीच्या नॅशनल फेडरेशन पार्टीच्या वाटचालीवरील एक जुने इंग्रजी पुस्तक १५० रुपयांना घेतले, आणि ही खरेदी मला मनापासून समाधान देऊन गेली. गिरमिटिया, म्हणजे करारावर फिजीत नेलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांचा, ऊसशेतकऱ्यांच्या लढ्यातून १९६० च्या दशकात उभा राहिलेला हा पक्ष. गुजरातेत जन्मलेले वकील ए. डी. पटेल यांनी १९६९ मध्ये ऊसकराराच्या वादात लवाद असलेले ब्रिटिश न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांच्यापुढे शेतकऱ्यांची बाजू मांडली आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले, हा भाग वाचताना मन हेलावते.

सर्वांत सरस प्रकरण १९७७ चे आहे. ५२ पैकी २६ जागा जिंकूनही पक्ष नेतृत्वाच्या वादात अडकला, गव्हर्नर जनरलांनी पुन्हा प्रतिस्पर्धी अलायन्स पार्टीचे कामिसेसे मारा यांनाच पंतप्रधान नेमले, आणि सप्टेंबरच्या फेरनिवडणुकीत पक्षाची धूळधाण झाली. माझ्या प्रतीत '२६' या आकड्याभोवती आधीच्या वाचकाने पेन्सिलीने दोनदा वर्तुळ काढले आहे.

बांधणी मात्र खिळखिळी आहे. मे १९८७ च्या लष्करी अधिकारी सितिवेनी राबुका यांच्या बंडाची पाने सुटून हातात आली, आणि विक्रेत्याने हा दोष आधी सांगायला हवा होता. याच राबुकांच्या सरकारात पक्ष २०२२ मध्ये सामील झाला. तो भाग अर्थातच येथे नाही. पुस्तक परत केल्यास विक्रेता निम्मी रक्कम देतो.