बायआउट की अर्धा पगार ठेवून ट्रेड?

महागडा विंगर (कडेने खेळणारा आक्रमक) थंडावलाय, कॅपमध्ये, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेत, जागा हवीय. एनएचएल या उत्तर अमेरिकी आइस हॉकी लीगच्या नियमांत अशा वेळी विचार करण्याजोगे मुख्य मार्ग दोन: बायआउट, म्हणजे उरलेल्या पगाराचा काही भाग देऊन करार मोडणे, किंवा पगाराचा काही वाटा आपल्याकडे ठेवून खेळाडू दुसऱ्या संघाला देणे (ट्रेड), म्हणजे रिटेन्शन. माइनर्समध्ये, म्हणजे खालच्या लीगमध्ये, धाडणे मी धरतच नाही. २०२५-२६ च्या हिशेबाने त्यातून सुटतात फक्त ११.५ लाख डॉलर. ५० लाखांच्या खेळाडूचे ३८.५ लाख तुमच्याच खात्यावर राहतात.

हेच नियम लावून चालणाऱ्या फँटसी लीगमध्ये (खऱ्या खेळाडूंचे काल्पनिक संघ चालवण्याच्या खेळात) मी दोन्ही वापरले आहेत आणि हल्ली आधी रिटेन्शनचीच चाचपणी करतो. कारण एकच, बायआउटची शेपटी, म्हणजे मागे वर्षानुवर्षे रेंगाळणारा कॅपवरचा बोजा.

बफेलोने जून २०२४ मध्ये जेफ स्किनरला मोकळे केले, ते आकडे मांडून बघा. कॅप हिट (दरवर्षी कॅपमध्ये धरली जाणारी कराराची सरासरी रक्कम) ९० लाख, करार तीन वर्षे बाकी, मूळ पगार अनुक्रमे १ कोटी, ७० लाख आणि ५० लाख. वय २६ च्या पुढे, म्हणून उरलेल्या पगाराचे दोन तृतीयांश द्यायचे, तेही दुप्पट वर्षांत विभागून: सहा वर्षे, दरसाल २४.४४ लाख. त्या-त्या वर्षीच्या पगारातून हा हप्ता वजा केला की बचत मिळते आणि ती बचत ९० लाखांतून वजा केली की कॅपवरचा बोजा. पहिल्या वर्षी १४.४४ लाख. व्वा! दुसऱ्या वर्षी ४४.४४, तिसऱ्या वर्षी ६४.४४, आणि पुढे २०२९-३० पर्यंत दरसाल २४.४४.

पगार उतरत जातो तशी बचत आटते आणि बोजा वर चढतो. म्हणजे सूट मिळते ती पहिल्या हंगामात, आणि जड हप्ते येतात नेमके आपल्या तरुण खेळाडूंचे नवे करार करायच्या वेळी. व्हँकूव्हरने २०२३ मध्ये ऑलिव्हर एकमन-लार्सनला सोडले तेव्हा पहिल्या हंगामाचा भार दीड लाखाच्याही आत होता. २०२५-२६ आणि २०२६-२७ मध्ये तो ४७.६७ लाख झाला, आणि २०३०-३१ पर्यंत पिच्छा सुटत नाही. खेळाडू मात्र पुढच्याच वर्षी फ्लोरिडाकडून स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचे विजेतेपद, जिंकून मोकळा.

स्किनरची बेरीज १ कोटी ९६.७ लाख होते. ठेवून घेतला असता तर २ कोटी ७० लाख. निम्मा पगार ठेवून ट्रेड जमला असता, तर १ कोटी ३५ लाख आणि तीन वर्षांनी पाटी कोरी. अर्थात ‘जमला असता’ हे महत्त्वाचे: त्याच्या करारात नो-मूव्ह कलम होते, त्याच्या होकाराशिवाय ट्रेड होणार नव्हता. शिवाय समोरचा संघ वर ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडण्याची पाळी) मागतोच.

रिटेन्शनलाही मर्यादा आहेत. एका वेळी तीनच करार, एकूण वाटा कॅपच्या कमाल मर्यादेच्या १५ टक्क्यांपर्यंत, एका खेळाडूचा जास्तीत जास्त निम्मा, आणि ठरलेली टक्केवारी करार संपेपर्यंत बदलत नाही. पुढच्या संघाने त्याला बायआउट केले तर त्यातही तुमचा वाटा येतो. एकमन-लार्सनचे १२ टक्के त्याच्या आधीच्या संघाकडे, अ‍ॅरिझोनाकडे, होते, म्हणून त्याच्या बायआउटचे १२ टक्केही त्यांच्याच खात्यात गेले.

बायआउट ठरवण्याआधी साइनिंग बोनस, म्हणजे करारात पगाराबरोबर ठरलेली बोनसची रक्कम, बघाच. तो पूर्ण द्यावा लागतो, कॅपवरही पूर्ण धरला जातो. ८० लाखांपैकी ७० लाख बोनस असेल तर कात्री फक्त उरलेल्या १० लाखांना लागते. अशा करारात बायआउटला अर्थच नाही. दुखापतग्रस्त खेळाडूला बायआउट करता येत नाही हेही विसरू नका.

बायआउटच्या बाजूने दोन गोष्टी मान्य करायला हव्यात. कॅप आता भराभर वाढतेय, २०२४-२५ मध्ये ८ कोटी ८० लाख होती, २०२६-२७ साठी १० कोटी ४० लाख. त्यामुळे शेपटी पूर्वीइतकी बोचत नाही. आणि २६ च्या आतल्या खेळाडूला एक तृतीयांशच द्यावे लागते, तिथे माझे मत बदलू शकते. तरीही लॉस एंजेलिसने २०२४ मध्ये पिएर-ल्यूक डुबोआच्या सव्विसाव्या वाढदिवसाच्या पाच दिवस आधी ही स्वस्त वाट सोडली आणि त्याला वॉशिंग्टनला देऊन गोलकीपर डार्सी कंपर घेतला. पगार न ठेवता, एकास एक. पुढच्या हंगामात कंपर सर्वोत्तम गोलकीपरच्या व्हेझिना ट्रॉफीसाठी अंतिम तिघांत होता आणि डुबोआने ६६ गुण (गोल आणि असिस्ट मिळून) केले.

करार एकच वर्ष उरला असेल तर बायआउट मला चालतो. ६० लाख पगार आणि तेवढीच कॅप हिट असेल, तर यंदा २० आणि पुढच्या वर्षी २०, संपले. त्याहून लांब करार असेल तर जूनच्या सुरुवातीपासून गिऱ्हाईक शोधा. बायआउटची खिडकी १५ जून किंवा अंतिम मालिकेनंतर ४८ तास, यांतले जे उशिरा येईल तेव्हा उघडते आणि ३० जूनला पूर्व अमेरिकी वेळेनुसार संध्याकाळी ५ ला बंद होते. बायआउटआधी खेळाडूला बिनशर्त वेव्हर्सवर, म्हणजे इतर संघांना त्याला घेण्याची संधी देणाऱ्या यादीत, ठेवावे लागते, म्हणून शेवटच्या दुपारपर्यंत ताणू नका.