डोळे फिरवून काय होतं? ईएमडीआरचे माझे आठ महिने

आधी हिशेब सांगते, कारण मी शोधाशोध करत होते तेव्हा नेमका तोच कुणी सांगत नव्हतं. ईएमडीआर ही आघाताच्या आठवणींवरची एक मानसोपचार पद्धत. तिची ८ महिन्यांत १४ सेशन. प्रत्येक सेशन ९० मिनिटांचं, फी १,८०० रुपये, म्हणजे एकूण २५,२०० रुपये. शिवाय साताऱ्याहून पुण्याला जायचा-यायचा खर्च आणि शाळेतल्या ९ किरकोळ रजा. विम्यातून काही मिळालं नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण द्यायला सांगितलंय खरं, पण माझ्या पॉलिसीत ओपीडीच नाही, मग आजार कुठलाही असो.

फरक पडला का? पडला. कसा, ते सांगायला जरा लांबून यावं लागेल.

फेब्रुवारी २०२३. आतेभावाच्या बाळाचं बारसं. सून पुण्याचीच, माहेरी बाळंत झालेली. आत्या माझ्या गाडीत पुढच्या सीटवर, मांडीवर स्टीलचा डबा, त्यात बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू. मागं ठेव म्हटलं तर म्हणाली, "असू दे गं, हिंदकळून फुटतील." पाचवडला चहाला थांबलो. खंबाटकी घाटाचा बोगदा संपला आणि पुढचं ते अपघातांचं एस आकाराचं वळण आलं. आमच्याकडच्या माणसाला त्या वळणाबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही. मी वेग कमी केला. मागून येणाऱ्या टेम्पोचे ब्रेक लागले नाहीत.

आत्या तिसऱ्या दिवशी गेली. माझ्या खांद्याला आणि बरगडीला मार होता, तो सहा आठवड्यांत भरला.

डोक्यात राहिलं ते झाकण. डब्याचं झाकण रस्त्यावर स्वतःभोवती फिरत होतं. फिरवून सोडलेलं नाणं शेवटी थरथरत खाली बसतं ना, तसं. पण ते बसेचना. पुढचं दीड वर्ष स्टाफरूममध्ये कुणाच्या डब्याचं झाकण पडलं की माझे हात गार पडायचे आणि मी खडू हातात धरून त्या वळणावर उभी असायचे. पहाटे तीनला जाग. गाडी विकली. पुण्याला जायची वेळ आली की म्हणायचे, नव्या जुळ्या बोगद्याचं काम चाललंय, तो होऊ दे, मग बघू. घरच्यांना हे शहाणपणाचं वाटायचं.

सगळे म्हणायचे, आत्याचा फार लळा होता हिला, दुःख आहे, ओसरेल. दुःख म्हणतात ते हे नव्हे, हे मला फार उशिरा कळलं. दुःखात माणूस आठवतं. मला आत्या आठवायचीच नाही. तिच्या आधी झाकण यायचं.

साताऱ्यातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी झोपेची गोळी दिली, पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागं उरणारा त्रास, हे नाव सांगितलं आणि ईएमडीआर करून बघा म्हणाले. पूर्ण नाव आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रीप्रोसेसिंग. नाव एवढं लांब आणि करायचं काय, तर समोरचा बोटं हलवतो त्याकडे बघायचं. नवरा म्हणाला, "डोळे फिरवून काय होतं?" शाळेतल्या एका मॅडमनी विचारलं, "त्राटक का?" त्राटकात नजर एका जागी ठरवायची असते, इथे अगदी उलट. मला स्वतःला ते संमोहन वाटलं होतं. तेही नाही. पूर्णवेळ तुम्ही शुद्धीवर असता, मध्येच पाणी मागू शकता, थांबवा म्हणू शकता.

ही पद्धत काढणारी फ्रान्सीन शपिरो मुळात इंग्रजी साहित्याची अभ्यासक. कॅन्सर झाल्यावर ती मानसशास्त्राकडे वळली. १९८७मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका बागेत फिरताना तिला जाणवलं, की त्रास देणारा विचार मनात असताना आपले डोळे आपोआप भराभर इकडेतिकडे हलताहेत आणि नंतर त्या विचाराची धार गेली आहे. १९८९मध्ये तिनं २२ जणांवरचा पहिला अभ्यास छापला. बागेत फिरताना सुचलेली उपचारपद्धती, हे ऐकून माझ्यातली गणिताची शिक्षिका भुवया उंचावणारच. पण २०१३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आघातानंतरच्या त्रासासाठी सुचवलेल्या मोजक्या उपचारांत हिचं नाव घेतलंय, हे वाचल्यावर मी फोन केला.

आता गंमत बघा. थेरपिस्ट पुण्यात, मी साताऱ्यात, आणि मध्ये खंबाटकी. ज्या घाटाची भीती घालवायला जायचं तो घाट ओलांडल्याशिवाय दवाखाना गाठता येत नाही. मी रेल्वे धरली. साताऱ्याची गाडी वाठार, लोणंद, नीरा, जेजुरी अशी लांबचा वळसा घेत जाते, तीन-साडेतीन तास खाते, पण खंबाटकीला शिवत नाही. पहिले सहा महिने मी कोयना एक्सप्रेसची इमानदार प्रवासी होते.

पहिल्या दोन सेशनमध्ये बोटं हललीच नाहीत. नुसती माहिती: झोप, घर, लहानपण, आधीचे आघात. फिट्स येतात का, डोळ्यांचा काही आजार, गोळ्या कुठल्या, कधी आपण आपल्यातच नसल्यासारखं वाटतं का. ३,६०० रुपये देऊन मी नुसती गप्पा मारून आले असं वाटलं आणि राग आला. आज सांगते, ती दोन सेशन कुणी गाळत असेल तर तिथून उठून या.

तिसऱ्या वेळी सुरक्षित जागा शोधायची होती. डोळे मिटून जिथं शांत वाटतं अशी जागा, म्हणजे काम जड झालं की तिथं परतता येतं. मी आमच्या जुन्या घराचं माजघर निवडलं. दोन मिनिटांत तिथं आत्या आली. तिचं माहेरच ते, येणारच. थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, दुसरी जागा घेऊ, जिथं कुणीच येत नाही अशी. शेवटी मे महिन्याच्या सुट्टीतला रिकामा वर्ग मिळाला, ओल्या फडक्यानं पुसलेला फळा, तो वाळतानाचा वास. लोक म्हणे समुद्रकिनारे निवडतात.

मग खरं काम. सगळ्यात वाईट चित्र कुठलं? झाकण. ते बघताना स्वतःबद्दल काय वाटतं? "माझ्यामुळे झालं." त्याऐवजी काय वाटायला हवं? "माझ्या हातात होतं ते मी केलं." हे वाक्य १ ते ७ मध्ये किती खरं वाटतं? २. त्रास ० ते १० मध्ये किती? ९. शरीरात कुठं? डाव्या खांद्यात आणि घशाशी. भावनेला आकडे लावणारी माणसं मला आवडतात, त्यामुळे इथपर्यंत बरं चाललं होतं.

मॅडमची दोन बोटं माझ्या डोळ्यांसमोर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, साधारण अर्धा मिनिट. मान हलवायची नाही. मग थांबून, "श्वास घ्या. आता काय येतंय?" मी सांगायचं. त्या म्हणायच्या, "त्याच्याबरोबर राहा," आणि पुन्हा बोटं सुरू. सल्ला नाही, समजूत नाही, "तुमची चूक नव्हती हो" हे तर नाहीच. ते वाक्य मी तोवर शंभर जणांकडून ऐकलं होतं आणि एकदाही लागू पडलं नव्हतं.

चौथ्या सेशनला झाकणावरून मन भलतीकडेच गेलं. मी नऊ वर्षांची, माजघरात, हातातून लोणच्याची चिनीमातीची बरणी सुटलेली. आजी म्हणतेय, "हिच्या हातात काही टिकत नाही." हे मला गेल्या तीस वर्षांत आठवलं नव्हतं. मी मॅडमना म्हटलं, अहो हे काहीतरी वेगळंच आलं, परत वळणावर येऊ का? त्या म्हणाल्या, "येऊ दे." बोटांच्या पुढच्या फेरीत बरणीचे तुकडे, तेल, आणि फरशी पुसायला बसलेली आत्या दिसली. ती हसत होती. मला म्हणत होती, पाय उचल, काच लागेल. दीड वर्षात पहिल्यांदा मला तिचा चेहरा दिसला होता. त्या दिवशी लोणंद येईपर्यंत गाडीत रडत होते. समोरच्या आजींनी न विचारता शेंगा पुढे केल्या.

त्रासाचे आकडे मी वहीत लिहून ठेवलेत: ९, ९, ७, ८, ४, ५, २, १. सरळ रेषेत काही उतरलं नाही. पाचव्या सेशननंतर तर मी हे सोडून देणार होते. चित्र अर्धवट उघडं राहिलं होतं, वेळ संपली, मॅडमनी रिकाम्या वर्गात नेऊन आणलं, तरी दोन दिवस डोकं जड, घरात सगळ्यांवर चिडचिड, स्वप्नात बरण्या. याची कल्पना आधी देतात, पण भोगताना ती पुरत नाही. सेशननंतरचे दोन दिवस मोकळे ठेवा. मी दुसऱ्या दिवशी दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासायला घेतले होते. त्या मुलांची माफी मागते.

तीन सेशन ऑनलाइन झाली. तिथं बोटांऐवजी फुलपाखराची मिठी: हात छातीवर आडवे, आणि खांद्याजवळ आळीपाळीनं थोपटायचं, डावा, उजवा. १९९७च्या पॉलीन चक्रीवादळानंतर मेक्सिकोत अकापुल्कोच्या मुलांबरोबर काम करताना ही सापडली. २००१च्या भूज भूकंपानंतर आपल्याकडेही मुलांसाठी ईएमडीआर वापरलं गेलं. माझ्यापुरतं सांगायचं तर समोरासमोरचं सेशन जास्त खोल गेलं. ऑनलाइनला मध्येच कुकरची शिट्टी होते.

आता नवऱ्याच्या प्रश्नाकडे: डोळे फिरवून काय होतं? यावर तज्ज्ञांचंच एकमत नाही. २००१ सालच्या एका मोठ्या आढाव्यात निघालं, की डोळे हलवल्यानं वेगळा फायदा दिसत नाही, उपयोग होतो तो आठवणीला धीरानं सामोरं गेल्याचा. २०१३च्या दुसऱ्या आढाव्यात उलट निघालं, की डोळ्यांच्या हालचालीचा स्वतःचा वाटा आहे. मला पटलेलं स्पष्टीकरण नेदरलँड्समधल्या संशोधकांचं आहे. मनाच्या पाटीवर एका वेळी थोडंच मावतं. आठवण समोर धरलेली असताना डोळ्यांनाही काम दिलं, तर आठवणीला जागा कमी पडते. ती फिकी होते, आणि मग फिकी झालेलीच परत ठेवली जाते. मनातल्या मनात आकडेमोड करायला लावली तरी असाच परिणाम त्यांना दिसला. हे मी सातवीच्या मुलांना सहज दाखवू शकते: तोंडी २७ गुणिले १४ करता करता पाठ असलेली कविता म्हणून दाखवा.

म्हणून कुणी सांगितलं की "बोटांत जादू आहे", तर विश्वास ठेवू नका. आणि यूट्यूबवर हलणाऱ्या ठिपक्याचे व्हिडिओ आहेत, ते लावून घरी एकट्यानं हे करू नका. ठिपका फिरेल, पण बरणी फुटली की "पाय उचल" म्हणायला समोर कुणी नसेल. दोन दिवसांच्या कार्यशाळेवर बोर्ड लावणारेही आहेत. मानसशास्त्रातली मूळ पात्रता काय, ईएमडीआरचं प्रशिक्षण कुठं आणि कितपत झालं, कुणाच्या देखरेखीखाली केसेस केल्या, हे सरळ विचारा. मी विचारलं होतं. मॅडमना राग आला नाही. राग आला असता तर तेही उत्तरच होतं. पैशांची अडचण असेल किंवा कुठून सुरुवात करावी तेच कळत नसेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तिथं ईएमडीआर होत नाही, पण पहिलं बोलणं होतं.

बोलून बरं होणाऱ्या इतर पद्धतीही आहेत, आणि आघातावर बेतलेल्या सीबीटीचाही, म्हणजे विचार आणि वागण्याची पद्धत बदलायला शिकवणाऱ्या उपचाराचाही, पुरावा भक्कम आहे. मला हे सोयीचं पडलं, कारण सगळं तपशीलवार सांगावं लागलं नाही आणि घरी लिहायला गृहपाठ नव्हता. आयुष्यभर गृहपाठ देणाऱ्या बाईला दुसऱ्याचा गृहपाठ करायचा कंटाळा असतो.

शेवटचा आकडा १ वरच थांबला. मी म्हटलं, शून्य करून टाकू. मॅडम म्हणाल्या, "तुमची आत्या गेलीय. एक राहू दे."

अकराव्या सेशनला पहिल्यांदा रेल्वे सोडून विनाथांबा एसटीनं गेले. बोगद्यातून बाहेर पडताना तळवे ओले होते, वळणावर मी डोळे उघडे ठेवले, आणि खाली साताऱ्याकडचं खंडाळा दिसेपर्यंत ड्रायव्हरच्या पाठीकडे बघत बसले. तेराव्या वेळी खिडकीतून बघितलं. साधा रस्ता, कडेला पट्टे रंगवलेले, लोक जरा जास्तच वेगानं जात होते. गाडी चालवत अजून गेलेले नाही. साताऱ्यातल्या साताऱ्यात नवऱ्याची चालवते. सेशन संपून चार महिने झालेत, पहाटे तीनची जाग महिन्यातून एखाद्या वेळी येते.

अपघातानंतर डबा परत मिळाला होता, एका बाजूला चेपलेला, झाकणाशिवाय. तो माळ्यावर टाकून दिला होता. परवा काढला, घासला आणि मोती चौकाकडच्या भांड्यांच्या दुकानात घेऊन गेले. मालकानं खालच्या फळीवरून सहा-सात सुटी झाकणं काढली आणि काउंटरवर एकेक करून टाकली. एक घरंगळत कडेपर्यंत गेलं, ते मी हातानं थोपवलं. सहावं बसलं, चेपलेल्या बाजूला जरा घट्ट. चाळीस रुपये.