पीटीआय चालू की बंद? जुन्या इंटेल सर्व्हरवाल्यांसाठी

दादरच्या आमच्या ऑफिसात एक जुनं इंटेल मशीन डेटाबेस ओढतंय. परवा सहकारी म्हणाला, "पीटीआय बंद करूया, जरा पळेल तरी." पीटीआय म्हणजे पेज टेबल आयसोलेशन: कर्नलची (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची) मेमरी बाकी प्रोग्रॅमपासून लपवणारं लिनक्समधलं संरक्षण.

प्रत्येक प्रोसेसचं (चालू प्रोग्रॅमचं) पेज टेबल, म्हणजे कुठला पत्ता खऱ्या मेमरीत कुठे आहे याचा नकाशा, कर्नल स्वतःच्या मेमरीत ठेवतो, आणि सर्वांत वरच्या पातळीचा पत्ता प्रोसेसरच्या सीआर3 रजिस्टरमध्ये. पूर्वी त्याच टेबलात कर्नलचाही नकाशा असायचा; 'युझरला (साध्या प्रोग्रॅमला) प्रवेश नाही' हे सांगायला नोंदीतला एक बिट पुरायचा. जानेवारी 2018 मध्ये मेल्टडाउन ही प्रोसेसरमधली त्रुटी जाहीर झाली आणि त्या बिटावरचा भरवसा उडाला. विरार लोकलच्या फर्स्ट क्लासमध्ये साधं तिकीट घेऊन चढलात, तर टीसी पुढच्या स्टेशनला उतरवतो. पण तोवर आत कोण बसलंय ते बघून झालेलं असतं. इंटेलचा प्रोसेसर तसाच आधी वाचायचा, परवानगी मागाहून तपासायचा, आणि वाचल्याची खूण कॅशमध्ये (प्रोसेसरच्या जवळच्या मेमरीत) राहायची; तिच्यावरून वाचलेलं ओळखता यायचं.

पीटीआय चालू असेल तर प्रत्येक प्रोसेसला वरच्या पातळीची दोन टेबलं मिळतात, 4 केबीची, शेजारी शेजारी. सीआर3 मधला एक बिट उलटला की टेबल बदललं. युझरच्या टेबलात कर्नलचा फक्त उंबरठा दिसतो. कर्नलच्या टेबलात युझरची मेमरी असते, पण 'इथला कोड चालवू नये' असा शिक्का मारून. म्हणजे परतताना टेबल बदलायचं राहिलंच, तर प्रोग्रॅम तिथल्या तिथे कोसळतो, गुपचूप चालत राहत नाही. मला यातली ही युक्ती सर्वांत आवडते.

याची किंमत मोजावी लागते ती सिस्टिम कॉलला (प्रोग्रॅम कर्नलकडे काम मागतो तेव्हा), जाताना एकदा आणि येताना एकदा. प्रोसेसरला पीसीआयडी (कुठली नोंद कुठल्या टेबलाची ते ओळखायची सोय) असेल तर टीएलबी, म्हणजे पेज टेबलातल्या नोंदींची कॅश, दर वेळी रिकामा होत नाही. नसेल तर छोट्या छोट्या आयओचा (वाचन-लेखनाचा) डेटाबेस चांगलाच रडतो. नुसती आकडेमोड करणाऱ्या कामाला फारसा फरक पडत नाही.

बंद केलंत तर जुना वेग परत, पण मशीनवरची कुठलीही प्रोसेस कर्नलची मेमरी वाचू शकते, आणि त्या नकाशात जवळपास सगळी रॅम असते. कंटेनरचा (प्रोग्रॅम वेगळे ठेवणाऱ्या कप्प्यांचा) आडोसा इथे कामाचा नाही, कर्नल एकच. एएमडी असेल तर प्रश्नच मिटला, तिथे लिनक्स पीटीआय आपणहून बंद ठेवतो.

बंदच करायचं तर कर्नलला बूट होताना 'पीटीआय=ऑफ' (pti=off) हा पर्याय द्या. 'मिटिगेशन्स=ऑफ' (mitigations=off) दिलंत तर स्पेक्टर या दुसऱ्या प्रोसेसर-त्रुटीपासूनचं संरक्षणही जातं.

मशीनवर फक्त आपलाच डेटाबेस असेल तर मी बंद करेन. आमच्याकडे रात्री इंटर्नच्या स्क्रिप्ट चालतात, कुठून कुठून उचललेल्या. सहकाऱ्याला म्हटलं, राहू दे चालू.