खिशातला ३२ बिट फ्लोट रेकॉर्डर: फिल्म, फोटो आणि गाण्यांसाठी बरेच महिने वापरल्यावर

मी फोटो काढते, मित्रमैत्रिणींच्या शॉर्ट फिल्म शूट करते आणि गिटार घेऊन स्वतःची गाणी करते. या तिन्हीला मिळून एकच वस्तू घेता येणार होती, सगळे म्हणत होते लेन्स घे, मी घेतला हातात मावणारा ऑडिओ रेकॉर्डर. आता कॉलेजच्या धबडग्यात बरेच महिने वापरून झाल्यावर ठामपणे सांगते, कॅमेरा आधीच हाताशी असेल तर पुढची खरेदी हीच करा. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण खाली जे काय लिहिलंय ते या टाइपच्या जवळजवळ सगळ्याच रेकॉर्डरना लागू आहे.

आधी ३२ बिट फ्लोटबद्दल, कारण लोक तेच विचारतात. याला गेनचा, म्हणजे रेकॉर्ड करताना आवाजाची लेव्हल कमीजास्त करायचा, नॉबच नाहीये. आत आवाजाचे डिजिटल आकडे करणारे दोन कन्व्हर्टर असतात, एक बारीक आवाजासाठी आणि एक मोठ्या आवाजासाठी, आणि दोन्हीचं मिळून ३२ बिट फ्लोट या अशा फॉरमॅटमध्ये सेव्ह होतं की त्यात लेव्हलला वरची मर्यादा जवळपास नाहीच. साध्या १६ बिट फाइलची रेंज, म्हणजे सगळ्यात बारीक ते सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर, ९६ डेसिबल, २४ बिटची कागदोपत्री १४४, आणि ३२ बिट फ्लोटची दीड हजारच्या वर. याचा खरा फायदा सेटवर कळतो, म्हणजे सीनमध्ये एकजण पुटपुटतोय आणि पुढच्या सेकंदाला दुसरी किंचाळते, तरी मध्ये कोणी लेव्हल सांभाळत बसायला लागत नाही. आमच्यासारख्या तीन-चार जणांच्या टीममध्ये आवाजासाठी वेगळा माणूस नसतोच, त्यामुळे हे खूप मोठं काम वाचतं. फाइल एडिटरमध्ये उघडली की वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) पार वरखाली कापल्यासारखा दिसतो, पण गेन खाली ओढला की आवाज अख्खा परत येतो. फोटोवाल्यांना लगेच कळेल, रॉ फाइलमध्येसुद्धा जळलेलं आकाश परत येत नाही, इथे येतं!

पण दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. एक, लेव्हल खाली न आणता थेट १६ किंवा २४ बिटमध्ये एक्सपोर्ट केलं तर त्या नव्या फाइलमध्ये आवाज कायमचा फाटलेला राहतो. दुसरं म्हणजे माइकची कॅप्सूल, म्हणजे आवाज पकडणारा त्याचा भाग, स्वतःच ओव्हरलोड झाली तर कुठलाही बिट वाचवत नाही. ड्रमच्या अगदी तोंडाशी ठेवलं किंवा उघड्यावर जोराचा वारा लागला की फाटतंच. वाऱ्यासाठी सोबत येणारा फोम फारसा कामाचा नाही, केसाळ विंडशील्ड घ्या आणि ८० हर्ट्झच्या आसपासचा लो कट (त्याखालची घरघर कापणारा फिल्टर) चालू ठेवा.

आता खरा मुद्दा. लेव्हलची काळजी गेली म्हणजे आवाज चांगला आला असं होत नाही, आवाज येतो माइक कुठे ठेवलाय त्यावर. बोलणाऱ्यापासून अंतर दुप्पट केलं की त्याचा थेट आवाज ६ डेसिबलने पडतो पण खोलीत घुमणारा आवाज होता तेवढाच राहतो, म्हणजे तुम्ही नंतर गेन वाढवता तेव्हा घुमणंच वाढवत असता. ते कुठल्याच प्लगइनने नीट निघत नाही. रिकाम्या क्लासरूममध्ये कॅमेऱ्यावर बसवलेला रेकॉर्डर आणि तोच रेकॉर्डर फ्रेमच्या जस्ट बाहेर टेबलावर पुस्तकाच्या आड ठेवलेला, एकच डायलॉग दोन्हीकडे घेऊन ऐका, मग कोणाला काही पटवून द्यायची गरजच राहत नाही. एकेकटा क्लोजअप असेल तर मी आता फ्रेम लावतानाच विचारते की माइक किती जवळ येईल, आणि त्यासाठी फ्रेम थोडी टाइट करायलाही तयार असते. फॅन बंद, आणि प्रत्येक लोकेशनवर सगळ्यांना गप्प उभं करून अर्धा मिनिट नुसत्या खोलीचा आवाज घ्यायचा, एडिटमध्ये दोन डायलॉगच्या मधली भोकं त्यानेच बुजतात.

सिंकची, म्हणजे वेगळा घेतलेला आवाज व्हिडिओशी जुळवण्याची, भीती बाळगू नका. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झवर ठेवा, टेकच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी, आणि कॅमेऱ्याचा स्वतःचा माइकसुद्धा चालू असू द्या. दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फ्री व्हर्जनमध्ये वेव्हफॉर्मवरून आपोआप सिंक होतं. दोन्ही मशीनची घड्याळं वेगळी असल्यामुळे तासाभराच्या सलग रेकॉर्डिंगमध्ये हळूहळू काही फ्रेमचा फरक पडत जातो, छोट्या टेकमध्ये जाणवतही नाही.

मात्र ऑडिटोरियममधलं गाणं किंवा नाटक शूट करणार असाल तर हे वाचाच. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, तेवढ्यात आवाज चौदा मीटरही जात नाही. कॅमेरा मागच्या रांगेत स्टेजपासून २७ मीटरवर आणि रेकॉर्डर स्टेजजवळ, असं असेल तर कॅमेऱ्याच्या माइकला आवाज दोन फ्रेम उशिरा मिळतो, आणि ऑटो सिंक त्या उशिराच्या आवाजाशीच रेकॉर्डरचा ट्रॅक जुळवतं. वेव्हफॉर्म अगदी परफेक्ट दिसतो तरी गायकाचे ओठ पुढे पळतात. रेकॉर्डरचा ट्रॅक दोन फ्रेम आधी, म्हणजे टाइमलाइनवर डावीकडे, सरकवा आणि कॅमेऱ्याचा ट्रॅक म्यूट करा, ओठ लगेच बसतात. हे कळलं तेव्हा मला खरंच फार भारी वाटलं होतं, कारण तोपर्यंत आम्ही सगळे कॉन्सर्टच्या व्हिडिओत सॉफ्टवेअरलाच नावं ठेवायचो.

गाण्यासाठी म्हणाल तर गिटारला हा रेकॉर्डर अप्रतिम आहे. भोकासमोर अजिबात ठेवू नका, तिथे बेस नुसता घुमतो. बाराव्या फ्रेटकडे (गिटारच्या मानेवरच्या बाराव्या पट्टीकडे) तोंड करून वीत-दीड वीत लांब ठेवायचा, तिथे तारांची चमक आणि लाकडाचा भरीवपणा दोन्ही मिळतं. वरचे दोन माइक ९० अंशात एकमेकांवर आहेत म्हणून आवाज दोघांपर्यंत एकाच वेळी पोचतो, स्टिरिओ फार रुंद वाटत नाही पण मोबाईलच्या एका स्पीकरवर ऐकलं तरी आवाज पोकळ होत नाही आणि आपली गाणी ऐकणारे बहुतेकजण मोबाईलवरच ऐकतात ना. गाण्याचा आवाज मी कपड्यांनी भरलेल्या कपाटाची दारं उघडी ठेवून त्याच्याकडे पाठ करून घेते, म्हणजे माइकच्या समोर मी आणि माझ्यामागे कपडे, घुमणं बरंच कमी होतं. यूएसबीने लॅपटॉपला जोडला की साधा माइक म्हणूनही चालतो. एकावर एक ट्रॅक चढवायचे तर ऑडॅसिटी किंवा रीपर ही सॉफ्टवेअर वापरा, दोन्ही ३२ बिट फ्लोट नीट उघडतात. मित्राला कच्ची फाइल पाठवू नका पण, काही मोबाईलवर ती वाजतच नाही.

फोटोत रेकॉर्डर कशाला, हे सारखं विचारलं जातं. मी फोटो काढून झाले की त्याच जागेचा पाच-सात मिनिटांचा आवाज घेते, आणि मग दहा-बारा फोटो त्या आवाजावर लावून छोटा व्हिडिओ करते. लोक फोटोवर जास्त वेळ थांबतात, स्क्रोल करून पुढे जात नाहीत, मला तरी हाच सगळ्यात आवडता प्रकार वाटायला लागलाय. फक्त शटरचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो, सेटवर स्टिल काढणाऱ्याचाही येतो. मिररलेसमध्ये इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की एकदम शांत, पण काही एलईडी लाइटखाली फोटोत आडवे पट्टे येतात तेव्हा आधी एक टेस्ट शॉट बघून घ्या.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. बॉडी प्लॅस्टिकची, हातात धरून रेकॉर्ड केलं तर बोटांची खरखर सगळी आत. अगदी बारीक आवाज घेऊन वाढवला की माइकची स्वतःची हिस्स ऐकू येते आणि ३२ बिट फ्लोट त्याचं काहीही करू शकत नाही. बाहेरच्या माइकला साडेतीन मिलिमीटरची पिन आहे, ४८ व्होल्टचं फँटम पॉवर (माइकला केबलमधूनच मिळणारी वीज) नाही, त्यामुळे स्टुडिओचा कंडेन्सर माइक विसरा. कॉलर माइक चालतो, पण मोबाईलचा तीन पट्ट्यांच्या पिनचा असेल तर अडॅप्टर लागतो. स्टिरिओ फाइल तासाला साधारण १.४ जीबी खाते, कार्ड त्या हिशोबाने घ्या. रिचार्जेबल सेल टाकत असाल तर मेनूत सेलचा प्रकार बदला, नाहीतर बॅटरीचा आकडा चुकीचा दाखवतो.

महागडा माइक घे असं आता ग्रुपमध्ये सुरू झालंय, पण मी पुढे बूम पोल, म्हणजे टोकाला माइक लावायची लांब काठी, घेणार आहे. रेकॉर्डरच्या खाली ट्रायपॉडचा स्क्रू बसतो, तोच पोलच्या टोकाला हादरे अडवणाऱ्या रबरी शॉक माउंटवर लावायचा, म्हणजे वाइड फ्रेममध्येसुद्धा डोक्याच्या वर हातभर अंतरावर आणता येईल.