नजर बंपरवरून उचलायची: साध्या स्विफ्टने ट्रॅक डे, नऊ महिन्यांनंतर

गाडी कोणती, हे सगळेच आधी विचारतात, म्हणून तेच सांगून टाकते. २०१८ची मारुती स्विफ्ट, पेट्रोल, पाच गिअरची मॅन्युअल. १,१९७ सीसी, ८३ पीएस (म्हणजे अश्वशक्ती), ब्रेक पुढे डिस्क, मागे ड्रम. इंजिनाला किंवा सस्पेन्शनला कोणी हात लावलेला नाही. हीच गाडी सोमवार ते शुक्रवार मुलुंडहून अंधेरीला जाते आणि जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तास काढते. मे महिन्यात चिपळूणहून आंब्याच्या पेट्याही हीच आणते. नऊ महिन्यांत हिने ट्रॅक डेच्या, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी चालवायला मिळते त्या दिवसांच्या, चार खेपा केल्या: दोनदा तळेगावजवळचा नानोली स्पीडवे, एकदा कोइंबतूर, एकदा चेन्नई. माझं वय ४४. त्याआधीचा अनुभव म्हणाल तर ऑफिसच्या पार्टीत वडाळ्याला चालवलेली गो-कार्ट, आणि तीही टायरच्या भिंतीत घातलेली.

एवढ्याशा ताकदीची गाडी पुरते का? पुरते. उलट नवशिक्याने हीच न्यावी असं माझं मत झालंय. जेमतेम पावणेनऊशे किलो वजन असल्याने ब्रेक आणि टायर यांच्यावर भार कमी पडतो, आणि सरळ रस्त्यावर ती फार पळत नाही म्हणून वळणाला पोचेपर्यंत विचार करायला वेळ मिळतो. नानोलीला माझ्या गटात एक जण दोनशेच्या वर पीएसची जर्मन सेदान घेऊन आले होते. सरळ पट्ट्यावर ते दिसेनासे व्हायचे आणि वळणावर पुन्हा माझ्या पुढ्यात यायचे. दुपारी डबा खाताना म्हणाले, "गाडी पळवते, मी नुसता बसलेलो असतो." माझ्या स्विफ्टमध्ये नुसतं बसायची सोयच नाही.

पहिल्या दिवसाची सुरुवात मात्र अगदी घरगुती झाली. गाडी तपासणारा मुलगा म्हणाला, सगळं सुटं सामान काढा. मॅट काढल्या, छत्री काढली, सीटखालून टोलच्या पावत्या आणि मुलाची एक सँडल निघाली. मग त्याने डॅशबोर्डवरच्या गणपतीकडे बोट दाखवलं. नवऱ्याने तो दुहेरी टेपने असा चिकटवला होता की निघता निघेना. "मॅडम, जोरात ब्रेक मारला की हा तुमच्या काचेवर जाईल," तो म्हणाला. शेवटी डेंटल फ्लॉसने टेप कापली आणि बाप्पा रुमालात गुंडाळून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगत गाड्या थांबतात तिथे, माझ्या पर्सच्या वर बसवले.

मग ब्रीफिंग. झेंडे पाठ करून जा, तिथे शिकू असं म्हणू नका. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सत्र थांबलं, सावकाश पिटमध्ये या. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा म्हणजे सत्र संपलं. पिवळ्या-लाल पट्ट्यांचा म्हणजे रस्ता निसरडा आहे, तेल किंवा पाणी सांडलंय. ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यावर, आणि तेही पुढच्याने हात बाहेर काढून बाजू दाखवली तरच. मुंबईकराला हे कळायला वेळ लागतो. इथे हॉर्न नाही, घुसवाघुसवी नाही, आणि ज्याला जागा दिली तो वर हात करून आभार मानतो! ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे, त्यामुळे स्पर्धेचं लायसन्स लागत नाही. रोजचं ड्रायव्हिंग लायसन्स पुरलं. हेल्मेट पूर्ण चेहरा झाकणारं आयएसआय मार्कचं चाललं. पुढे शर्यतीत उतरायचं मनात असेल तर स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेच्या एसए मानकाचं घ्यावं, कारण त्याची आगीसाठी आणि रोल बारवर, म्हणजे गाडी उलटली तर वाचवणाऱ्या आतल्या लोखंडी पाइपवर, आपटण्यासाठीही चाचणी होते. दुचाकीच्या हेल्मेटची तशी होत नाही. कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे. बूट पातळ तळव्याचे. मी शाळेच्या पीटीला घालतात तसले पांढरे कॅनव्हासचे घालते, त्याहून चांगले अजून सापडले नाहीत.

आता मुख्य मुद्दा. माझ्या शेजारी बसलेले प्रशिक्षक कोल्हापूरचे. पहिल्या तीन फेऱ्या ते गप्प होते. चौथ्या फेरीत म्हणाले, "ताई, म्होरल्या गाडीच्या बुडाकडं काय बघताय? ती गेली तिकडं. तुम्हाला कुठं जायचंय तिकडं बघा की."

वीस वर्षं मुंबईत गाडी चालवल्याचं हे फळ. इथे पुढच्या रिक्षाचं चाक कुठे वळतंय यावरून रिक्षा कुठे घुसणार हे आपण ओळखतो, त्यामुळे नजर कायम पंधरा-वीस फुटांवर. बसचा बंपर, बाइकवाल्याचा आरसा, खड्डा, पुन्हा बंपर. ट्रॅकवर हीच सवय घात करते. हात नजरेच्या मागे जातात. समोरच्या गाडीकडे बघत राहिलं की आपण तिच्याच चुका गिरवतो, आणि रस्त्याबाहेरच्या मातीकडे बघितलं तर मातीतच जातो. ब्रेक लावायच्या खुणेवर पोचण्याआधी वळायची जागा शोधायची, वळायला लागताच एपेक्सकडे, म्हणजे वळणाच्या आतल्या टोकाकडे बघायचं, आणि तिथे पोचण्याआधी मान वळवून बाहेर पडायची जागा. मान खरोखर वळवावी लागते, बाजूच्या खिडकीतून बघावं लागतं. दिवसाच्या शेवटी माझी मान दुखत होती, हात नाही. प्रशिक्षक म्हणाले, बरोबर दुखतंय.

दुसरी सवय पायाची. ट्रॅफिकमध्ये आपण ब्रेक हळूच, चाचपत दाबतो आणि वळणातही दाबत राहतो. ट्रॅकवर गाडी सरळ असतानाच जोरात ब्रेक, मग पाय हलका करत वळायचं. कारण समजायला मला लोकलचा लेडीज डबा आठवावा लागला. दादरला मोटरमनने ब्रेक मारला की पॅसेजमधल्या सगळ्या बायका पुढच्या बाईच्या पाठीवर जातात. गाडीचंही तेच. ब्रेकने वजन पुढच्या चाकांवर येतं, ती रस्त्याला घट्ट धरतात, मागची हलकी होतात. अशा वेळी स्टिअरिंग झटक्यात फिरवलं तर मागचा भाग आपल्याला ओलांडून पुढे यायला बघतो. उलट वेग जास्त ठेवून वळायला गेलं तर स्विफ्टसारखी पुढच्या चाकांवर चालणारी गाडी नाक बाहेर काढून सरळच जाते. स्टिअरिंग कितीही फिरवा, ऐकत नाही. तेव्हा ॲक्सिलरेटरवरून पाय थोडा काढायचा, स्टिअरिंग किंचित सरळ करायचं आणि थांबायचं. थांबायचं, हे सगळ्यात अवघड.

ब्रेकबद्दल सविस्तर सांगते, कारण यावर माझे पैसे आणि झोप दोन्ही गेली.

नानोलीच्या पहिल्याच दिवशी, दुसऱ्या सत्राच्या पाचव्या फेरीत ब्रेकचं पेडल लांब गेलं. गाडी थांबली, पण नेहमीपेक्षा उशिरा आणि पाय जवळजवळ तळाला टेकवून. मी फेरी अर्धी सोडून सावकाश पिटमध्ये आले आणि तिथे आणखी एक चूक केली: सवयीने हँडब्रेक ओढला. मार्शल, म्हणजे ट्रॅकवर सुरक्षा बघणारा माणूस, लांबून ओरडला. तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढून ठेवला की लायनर ड्रमला चिकटू शकतात, ड्रम वाकडा होऊ शकतो. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला दगड लावायचा. सत्राची शेवटची फेरीही ब्रेक न लावता, हवा खेळवत करायची असते, हेही तेव्हाच कळलं.

बॉनेट उघडलं तर ब्रेक ऑइल चहाच्या रंगाचं. चार महिन्यांपूर्वीच्या सर्व्हिसिंगच्या बिलात "ब्रेक ऑइल बदलले" असं छापलेलं, पैसेही घेतलेले. त्या वर्कशॉपला मी फोन केला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, टॉप-अप केलं असेल." असेल म्हणजे काय ते असो.

ब्रेक ऑइल पाणी शोषतं. पावसाळ्यात आपल्या घरातलं मीठ कसं ओलं होऊन बरणीत गोळा होतं, तसंच. मुंबईच्या दमट हवेत तर विचारू नका. पाणी शिरलं की ऑइलचा उकळबिंदू खाली येतो. ऑइलची प्रत डॉटच्या आकड्याने सांगतात. डॉट ३चा कोरडा, म्हणजे नव्या ऑइलचा, उकळबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो, ओला, म्हणजे पाणी शोषलेल्याचा, १४०. डॉट ४चे हेच आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१चे २६० आणि १८०. ट्रॅकवर ब्रेक इतके तापतात की जुनं ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली जातं. भांडुपच्या माझ्या जुन्या मेकॅनिककडे जाऊन चारही चाकांना डॉट ४ घालून ब्लीड करून, म्हणजे जुनं ऑइल आणि हवा काढून, घेतलं. डॉट ३च्या जागी डॉट ४ चालतं. पण नुसतं "डॉट ५" लिहिलेली बाटली उचलू नका, ते सिलिकॉनचं असतं आणि या दोघांत मिसळत नाही.

पॅड साधे कंपनीचेच नवे टाकले. ट्रॅकचे खास पॅड गरम झाल्याशिवाय नीट धरत नाहीत. सकाळी मुलुंडच्या पहिल्या सिग्नलला मला धरणारा ब्रेक हवा आहे. यानंतरच्या तिन्ही खेपांत पेडल एकदाही लांब गेलं नाही. एवढ्या एका कामाला जो खर्च आला त्यात आवाज करणाऱ्या सायलेन्सरचा पाइपसुद्धा येत नाही, आणि ओळखीचे लोक मला तोच आधी घे म्हणत होते.

टायरचा अनुभव थोडक्यात. कारखान्यातून आलेल्या टायरचे बाहेरचे खांदे दोन दिवसांत झिजले, रबराचे दोरे निघाले. सकाळी ३२ भरलेली हवा सत्र संपल्यावर ४०च्या आसपास दाखवायची, आणि टायर फुगला की पकड सुटते. प्रत्येक सत्रानंतर गरम असतानाच हवा उतरवून ठेवते आणि परतीच्या प्रवासाआधी पुन्हा भरते. त्यासाठी स्वतःचं गेज हवंच, पेट्रोल पंपावरच्या मीटरवर माझा विश्वास उरलेला नाही. चार नवे टायर बावीस हजारांना पडले. हा सगळ्यात मोठा खर्च, आणि तो वर्षातून एकदा धरून चाला. पेट्रोल ट्रॅकवर लिटरला सहा-सात किलोमीटर. हायवेला अठरा देणारी हीच गाडी.

विम्याचं मात्र कोणी आपणहून सांगत नाही. आपल्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत संघटित शर्यत, वेगचाचणी वगैरे वापर वगळलेले असतात. ट्रॅकवर काही झालं तर ते आपल्या खिशातून, हे धरूनच जायचं. हे मी नवऱ्याला आधी सांगितलं. तो म्हणाला, "अगं, मग तू गाडी चालवतेस की घराचा हप्ता?" त्या दिवसापासून मी माझ्या पूर्ण वेगाच्या आठ दशांशानेच चालवते.

आता मुंबईकरांचं खरं दुखणं: आपल्याकडे ट्रॅक नाही. नानोली म्हणजे पहाटे निघून द्रुतगती मार्गाने रात्री घरी परत, म्हणून सुरुवात तिथूनच करावी. दिल्लीजवळचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा, २०११ ते २०१३ तिथे फॉर्म्युला वन झालं, पण किलोमीटरभराच्या सरळ पट्ट्यावर स्विफ्ट घेऊन जायला मला धीर होत नाही. कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा, २००३मध्ये सुरू झाला. नाव एस. करिवर्धन यांचं. भारतात स्वस्तातल्या शर्यतीच्या गाड्या बांधून नव्या पोरांना संधी देणारा माणूस, १९९५मध्ये छोट्या विमानाच्या अपघातात गेला. ट्रॅक लहान असल्याने तेच वळण पुन्हा पुन्हा मिळतं. नवशिक्याला याहून जास्त काय हवं?

चेन्नईचा ट्रॅक मात्र मनात बसला. इरुंगट्टुकोट्टई गावाजवळ, ३.७ किलोमीटर, १२ वळणं, १९९०पासून चालू. गंमत अशी की पनवेलहून जो एनएच ४८ धरायचा तो पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बेंगळुरू करत थेट त्या ट्रॅकच्या दाराशी नेतो. तेराशे किलोमीटर, दोन दिवस, रात्री हुबळीला मुक्काम. पहिल्या दिवशी माझी सर्वांत चांगली फेरी २ मिनिटं ५१ सेकंदांची होती, दुसऱ्या दिवशी २ मिनिटं ३६. गाडी तीच, टायर तेच. सी-१ हे वेगाचं वळण पहिल्या दिवशी मी घाबरून ब्रेक लावत घेत होते. दुसऱ्या दिवशी ब्रेक कमी केला नाही, फक्त आधी लावला आणि आधी सोडला. पंधरा सेकंदांतले किती त्यातून आले ते मोजता येत नाही, पण बरेच.

त्या दिवशी दुपारचं शेवटचं सत्र मी सोडलं. हात-पाय ठीक होते, पण दोन वेळा ब्रेकची खूण हुकली होती आणि त्याच गाडीने तेराशे किलोमीटर घरी यायचं होतं. पिटच्या भिंतीला टेकून ताक पीत बाकीच्यांना बघितलं. भरलेले पाच हजार फुकट गेले म्हणा हवं तर.

घरच्या रस्त्यावर काय फरक पडला? वेग वाढला नाही. घाटात पुढच्या ट्रकच्या पलीकडचं वळण आता दिसतं, आणि मुलगा म्हणतो की आई हल्ली ब्रेक लावते ते कळतच नाही. तोटा एक: ओला-उबरमध्ये मागे बसले की ड्रायव्हरची लाइन, म्हणजे वळण घ्यायची रेघ, बघवत नाही.

गणपती परत डॅशबोर्डवर आहेत, आता वेल्क्रोवर. पुढची तारीख डिसेंबरात, चेन्नई. त्याआधी पॅड मोजायचे आणि पावसाळा गेल्यावर ब्रेक ऑइल बदलायचं. या वेळी स्टूल टाकून मेकॅनिकच्या शेजारी बसणार आहे.