गंजगोलाईजवळचे लॅपटॉप दुरुस्तीचे दुकान : घड्याळाच्या सेलचा अनुभव

औसा तालुक्यातील ज्या शाळेत मी शिकवतो, तेथील गुणपत्रके आणि पगारपत्रके माझ्या २०१३ साली घेतलेल्या लॅपटॉपवर तयार होतात. त्याची मुख्य बॅटरी केव्हाच निकामी झाली असल्याने ती काढून ठेवली आहे आणि लॅपटॉप केवळ अडॅप्टरवर चालतो. गेल्या पावसाळ्यात त्याला एक विचित्र खोड लागली. एका रात्रीत घड्याळ थोडे मागे पडत असे. मध्ये रविवार आला, की सोमवारी सकाळी काळ्या पडद्यावर तारीख आणि वेळ लावण्याची सूचना येई आणि लॅपटॉपच्या लेखी तो दिवस १ जानेवारी २०१३ असे. तारीख लावण्याचे विसरून एकदा गुणांची फाईल जतन केली, तर ती यादीत थेट तळाशी, जणू बारा वर्षांपूर्वीची म्हणून जाऊन बसली. बँकेचे संकेतस्थळही उघडेना, कारण सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते आणि माझ्या लॅपटॉपच्या हिशेबाने त्या प्रमाणपत्राचा जन्मही झालेला नव्हता. इंटरनेटवरून वेळ आपोआप दुरुस्त होईल ही आशाही फोल ठरली. चूक पंधरा तासांपेक्षा मोठी असेल, तर विंडोज ती सहसा स्वतःहून सुधारत नाही.

आधी ज्या दुकानात गेलो, तेथे लॅपटॉप दिवसभर अडॅप्टरला जोडून ठेवला गेला. वीज मिळत असताना घड्याळ बिघडण्याचे कारणच नव्हते, म्हणून दोष दिसला नाही आणि संध्याकाळी मला मदरबोर्ड बदलण्याचा साडेचार हजारांचा अंदाज सांगण्यात आला.

त्यानंतर एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून लातूरच्या गंजगोलाईजवळील या दुकानात गेलो. गोलाईला सोळा रस्ते मिळतात आणि पहिल्या खेपेस मी चुकीच्या रस्त्याला लागलो, हे कबूल करतो. दुकान पहिल्या मजल्यावर असून पाटी लहान आहे. कारागिराने तक्रार ऐकून घेतली आणि लॅपटॉप सुरू न करताच तळाचे झाकण उघडले. आत पिवळ्या प्लास्टिकच्या आवरणात गुंडाळलेला, लाल-काळ्या तारांचा रुपयाएवढा सेल होता. वीज नसताना लॅपटॉपचे घड्याळ याच सेलवर चालते. त्याने मीटरच्या दोन टोच्या लावल्या आणि पडदा माझ्याकडे वळवला : १.९. तीन व्होल्टच्या सेलमध्ये दोनही उरले नव्हते. “बोर्डाला काई झालं न्हाई सर, सेल बसलाय,” एवढेच तो म्हणाला.

या दुकानाबद्दल लिहावेसे वाटले ते त्याच्या पुढच्या वागण्यामुळे. सीआर २०३२ हा सेल किराणा दुकानातही मिळतो, पण लॅपटॉपमध्ये बहुधा तारा आणि छोटी पिन जोडलेला तयार सेल लागतो. तो त्या दिवशी त्याच्याकडे नव्हता. सुटा सेल घेऊन त्यालाच तारा डाग देऊन जोडाव्यात, असे मी सुचवले. त्याने साफ नकार दिला, कारण लिथियमच्या सेलला थेट डाग दिल्यास तो उष्णतेने फुटू शकतो. कारखान्यात त्यावर पत्र्याच्या पट्ट्या आधीच जोडलेल्या असतात आणि तारा त्या पट्ट्यांना लावतात. काही लॅपटॉपमध्ये पुन्हा चार्ज होणारा सेल असतो आणि त्याच्या जागी हा साधा सेल बसवणे धोक्याचे असते, हेही त्याने बजावले. ही माहिती त्याने मोठेपणा न मिरवता, हातातले काम न थांबवता दिली.

दोन दिवसांनी पुन्हा जावे लागले, ही गैरसोय खरी. औशाहून एका सेलसाठी दोन खेपा झाल्या. काम मात्र वीस मिनिटांत झाले. सेल बसवून त्याने बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ मांडणीत, तारीख लावली, अडॅप्टर काढून लॅपटॉप पंधरा मिनिटे तसाच ठेवला आणि पुन्हा सुरू करून वेळ माझ्या मोबाईलशी ताडून पाहिली. जुना सेल कागदात गुंडाळून परत दिला. सेल आणि मजुरी मिळून ३५० रुपये घेतले.

उणिवा दोन आहेत. बसायला एकच स्टूल असून तेही बहुतेक वेळ दुसऱ्याच्या लॅपटॉपने अडवलेले असते. शिवाय पक्के बिल मिळत नाही. मागितल्यावर वहीच्या पानावर रक्कम लिहून मिळाली. शाळेच्या हिशेबात ते चालले नाही, त्यामुळे खर्च माझ्याच खिशातून गेला. सरकारी किंवा संस्थेचा लॅपटॉप नेणाऱ्यांनी हे आधीच विचारून घ्यावे.

दिवाळीच्या सुट्टीत लॅपटॉप एकवीस दिवस कपाटात बंद होता. शाळा उघडल्यावर सुरू केला, तेव्हा तारीख बरोबर होती आणि घड्याळ मोबाईलपेक्षा जेमतेम एक मिनिट मागे होते.